कॅराव्हॅनसाठी हिच निवडताना: आधी हुकावरचं वजन मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला नाशिकला गंगापूर रोडला, गाडी फॉर्च्युनर, आणि मागे ओढायला एका अॅक्सलची सोळा फुटी कॅराव्हॅन बनवून घेतलेली. सामान आणि पाण्यासह तिचं वजन काट्यावर १,५०० किलो भरलं. पुढच्या जॉकी व्हीलखाली, म्हणजे उभी असताना कॅराव्हॅनचं तोंड तोलणाऱ्या छोट्या चाकाखाली, पॅकहाऊसमधला इलेक्ट्रॉनिक काटा ठेवून पाहिलं तर २०० किलो आलं. कॅराव्हॅन जोडली की गाडी मागे बसते, समोरून येणारे डिपर मारतात आणि कसारा घाटात स्टेअरिंग हलकं पडल्यासारखं वाटलं. तुमचे मेहुणे अमेरिकेतून येताना हजार पौंड रेटिंगची वेट डिस्ट्रिब्युशन हिच, म्हणजे हुकावरचं वजन पुढच्या-मागच्या चाकांवर वाटणारी जोडणी, आणायला तयार आहेत. ती घ्यावी, की दुसरी एखादी?

हजार पौंडांची घेऊ नका. दुसरी कोणती हे ठरवण्याआधी दोन-तीन कामं करावी लागतील. ती केल्यावर कदाचित अशी हिच लागणारच नाही. मी ट्रेलरच्या चासी आणि जोडण्यांचं काम करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची सुरुवात हिचपासून होते आणि वजनाचा विचार शेवटी होतो. तो क्रम उलटा करायचा आहे.

तुम्ही काटा वापरलात हे फार चांगलं केलंत, बरेच जण अंदाजावरच राहतात. फक्त काटा चुकीच्या जागी ठेवला गेला. जॉकी व्हील हे कपलरच्या, म्हणजे गाडीच्या हुकावरच्या गोळ्यावर (बॉलवर) बसणाऱ्या खोबणीच्या मागे आणि कॅराव्हॅनच्या अॅक्सलला जवळ असतं, त्यामुळे तिथे वजन जास्त दिसतं. तुमच्या फोटोवरून जॉकी व्हील कपलरपासून ४० सेंटीमीटर मागे आणि अॅक्सल कपलरपासून ४ मीटरवर धरलं, तर जॉकीखालचे २०० किलो म्हणजे बॉलवर पडणारे १८० किलो. हा १८० चा आकडा खरा कामाचा. पुन्हा मोजाल तेव्हा कपलरच्या बरोबर खाली लाकडाचा ठोकळा उभा करा, तो काट्यावर ठेवा, आणि कपलर जोडल्यावर जितक्या उंचीवर राहतो तितक्याच उंचीवर ठेवून वजन घ्या. चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, मगच जॉकी उचला. कॅराव्हॅन प्रवासाला निघते तशीच भरलेली हवी: टाकीत पाणी, सिलिंडर, बॅटरी, गाद्या, भांडी, सगळं जागच्या जागी.

आता हे १८० किलो गाडीवर काय करतात ते बघू. फॉर्च्युनरचा व्हीलबेस २,७४५ मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन मीटर. मागच्या अॅक्सलपासून बॉलपर्यंतचं अंतर १.२ मीटर धरू. मागचा अॅक्सल हा इथे तरफेचा टेकू होतो. बॉलवर १८० किलो खाली दाबले की पुढच्या अॅक्सलवरून १८० गुणिले १.२ भागिले २.७५, म्हणजे जवळपास ७८ किलो उचलले जातात. मागच्या अॅक्सलवर १८० नाही, तर २५८ किलो वाढतात. शिवाय तिसऱ्या रांगेमागची डिकी भरलेली असली तर तीही थोडाफार हाच परिणाम करते. डिपर मारले जातात आणि स्टेअरिंग हलकं लागतं ते या ७८ किलोंमुळे. पुढच्या चाकांवरचं वजन घटलं की वळण्याची पकड कमी होते आणि पुढच्या ब्रेकचा जोरही. उतारावर ओल्या रस्त्यात हे जाणवेपर्यंत उशीर झालेला असतो.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच याच ठिकाणी काम करते. बॉल बसतो त्या हिचच्या डोक्यातून दोन स्प्रिंग दांड्या मागे निघतात आणि कॅराव्हॅनच्या पुढच्या त्रिकोणी फ्रेमला साखळीने किंवा ब्रॅकेटने ताणून बांधल्या जातात. ताण बसला की जोडणी मधोमध खाली खचायचं थांबते. बॉलवरचं वजन नाहीसं होत नाही, ते तीन ठिकाणी वाटलं जातं. तुमच्या मापांवर हिशेब असा: पुढून गेलेल्या ७८ पैकी निम्मे, म्हणजे ३९ किलो परत आणायचे ठरवले, तर कॅराव्हॅनच्या अॅक्सलवर साधारण २७ किलो जातात आणि मागच्या अॅक्सलवरचे ६६ किलो कमी होतात. २५८ चे १९२ झाले. पुढे उणे ३९, मागे १९२ आणि कॅराव्हॅनवर २७, या तीन आकड्यांची बेरीज पुन्हा १८० च येते. म्हणून या हिचमुळे गाडीची ओढण्याची क्षमता वाढते हा समज मनातून काढून टाका. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायचं कमाल वजन आणि हुकावरचं कमाल उभं वजन दिलेलं असेल, ती मर्यादा हिच लावली तरी तीच राहते. काही कंपन्या तर या प्रकारची हिच वापरूच नका असं स्पष्ट लिहितात. मॅन्युअलमध्ये तशी ओळ असेल तर पुढचा विचार तिथेच थांबवा.

मागे स्प्रिंग चढवून किंवा हवेचे फुगे बसवून हेच काम होईल का, असंही तुम्ही विचारलंत. होणार नाही. गाडी मागून उचलली जाईल, दिवे खाली येतील, बघायला सगळं सरळ दिसेल. पण पुढून गेलेले ७८ किलो पुढे परत येणार नाहीत. आडगाव नाक्यावर पिकअपला पाटा चढवतात तो अॅक्सलच्या डोक्यावर लादलेल्या मालासाठी, तिथे ते बरोबर आहे. मागे लटकणाऱ्या ओझ्यासाठी नाही. उलट गाडी सरळ दिसल्यामुळे दुखणं झाकलं जातं, म्हणून मी हा उपाय कुणालाच आधी सुचवत नाही.

मग बॉलवर किती वजन असावं? अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरसाठी एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के हा ठोकताळा आहे. तुमच्या १,५०० वर तो १५० ते २२५ किलो होतो. युरोपातल्या कॅराव्हॅन साधारण ५ ते ७ टक्क्यांवर चालतात, कारण त्या हलक्या असतात, जड वस्तू अॅक्सलच्या जवळ ठेवून त्या बांधल्या जातात आणि तिथे ओढताना वेगावरही बंधन असतं. आपल्याकडे बनणाऱ्या कॅराव्हॅन दोन्हींच्या मधल्या. फॅब्रिकेटर जागा दिसेल तिथे टाकी आणि बॅटरी बसवतो, म्हणून हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा निघतो. वजन कमी करायच्या नादात फार खालीही जाऊ नका. बैलगाडी मागे जड भरली की उलाळते, जू बैलांच्या मानेवरून उठतं आणि गाडी ताब्यात राहत नाही. कॅराव्हॅनचंही तसंच होतं. फक्त इथे वेग ताशी ७० किलोमीटरचा असतो आणि बाजूने कंटेनर जात असतो. शेपूट एकदा डुलायला लागलं की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो.

तुमच्या बाबतीत मी १५० च्या आसपास यायचा प्रयत्न करीन. फोटोत दोन मोठ्या बॅटऱ्या आणि सिलिंडर अगदी पुढच्या पेटीत दिसतात. बॅटऱ्या पलंगाखाली, अॅक्सलच्या वर आणल्या तर बॉलवरचं वजन लगेच उतरेल. हिशेब सोपा आहे: ४० किलोच्या बॅटऱ्या अॅक्सलच्या ३.२ मीटर पुढून अॅक्सलवर आणल्या, की ४० गुणिले ३.२ भागिले ४, म्हणजे ३२ किलो कमी. पाण्याची टाकी मात्र तुमच्याकडे अॅक्सलच्या मीटरभर मागे आहे. शंभर लिटर भरली की बॉलवरून २५ किलो उचलते आणि रिकामी झाली की ते परत येतात. म्हणजे भंडारदऱ्याला जाताना आणि तिथून परत येताना तुमच्याकडे दोन वेगळ्या कॅराव्हॅन असतात. टाकी हलवता आली तर अॅक्सलवर आणा. नाहीतर भरलेल्या आणि रिकाम्या, दोन्ही स्थितींत वजन मोजून ठेवा. मागच्या भिंतीला स्टेपनी किंवा सायकली टांगू नका. टोकाला टांगलेलं वजन थोडं असलं तरी डुलणं वाढवतं.

हिचच्या आधी ब्रेक. तुम्ही लिहिलंय की कॅराव्हॅनला स्वतःचे ब्रेक नाहीत. दीड टन वजन, ब्रेक नाहीत आणि कसारा घाट: यावर मी मऊ शब्दांत बोलणार नाही. ब्रेक बसल्याशिवाय ती घाटात नेऊ नका. हिचवर घालवायचे पैसे आधी ब्रेकवर घाला. दोन मार्ग आहेत. एक ओव्हररन ब्रेक: गाडीने ब्रेक मारला की कॅराव्हॅन पुढे ढकलते, कपलरचा दांडा आत सरकतो आणि त्याच्या जोरावर ब्रेक लागतात. दुसरा बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक, त्याचा कंट्रोलर ड्रायव्हरच्या हाताशी. ही निवड हिचशी थेट जोडलेली आहे. ओव्हररनमध्ये कपलर सरकायला मोकळा हवा, आणि स्प्रिंग दांड्यांचा ताण तेच सरकणं जाम करू शकतो. वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावायचीच असेल तर इलेक्ट्रिक ब्रेक घ्या. शिवाय कॅराव्हॅन डुलायला लागली तर कंट्रोलरवरून फक्त तिचेच ब्रेक हलके लावता येतात आणि ती सरळ होते. हा फायदा ओव्हररनमध्ये मिळत नाही.

आता हिचकडे. रेटिंगचे आकडे पौंडात असतात आणि ते जोडीने येतात: ४०० आणि ४,०००, ६०० आणि ६,०००, ८०० आणि ८,०००, १,००० आणि १०,०००. पहिला आकडा बॉलवरच्या वजनाचा, दुसरा ट्रेलरच्या एकूण वजनाचा. किलोत सांगायचं तर ४०० पौंड म्हणजे १८१ किलो, ६०० म्हणजे २७२, १,००० म्हणजे ४५४. निवडताना बॉलवरच्या वजनात गाडीच्या मागच्या अॅक्सलमागे भरलेलं सामानही धरायचं. आजच्या स्थितीत तुमचे १८० अधिक डिकीतले ६० धरले तर २४० किलो, म्हणजे ६०० पौंडांचा संच. बॅटऱ्या हलवल्यावरही २१० च्या आसपास राहाल, म्हणजे ४०० चा तोकडा पडेल आणि ६०० चा बरोबर बसेल.

हजार पौंडांच्या दांड्या जास्त मजबूत म्हणून जास्त सुरक्षित, असं वाटणं साहजिक आहे. पण या दांड्या स्प्रिंग म्हणून वाकायला हव्यात. २४० किलोंवर हजार पौंडी दांडी जेमतेम वाकते. साखळीची एक कडी बदलली की ताण एकदम उडी मारतो, मधलं माप मिळत नाही. आणि आपले रस्ते बघा. त्र्यंबकहून जव्हारकडे जाताना गावागावात गतिरोधक आहेत. गाडीची मागची चाकं खड्ड्यात आणि कॅराव्हॅन अजून वर, अशा क्षणी जोडणीचा कोन झटक्यात बदलतो. ताठ दांडी तो झटका न गिळता सरळ कॅराव्हॅनच्या फ्रेमला आणि गाडीच्या रिसीव्हरला, म्हणजे हिच ज्यात बसते त्या गाडीखालच्या नळीला देते. तुमच्या पुढच्या त्रिकोणाला पातळ चॅनल वापरलाय असं दिसतं. ब्रॅकेट जिथे आवळला जाईल तिथे पत्रा चेपू शकतो. तिथे आतून किंवा बाजूने मजबुती द्यावी लागेल, ६०० चा संच लावतानाही. युरोपी पद्धतीची गॅल्व्हनाइज्ड हलकी चासी असेल तर तिला भोकं पाडणं किंवा वेल्डिंग करणं टाळा.

दांड्यांच्या प्रकारात मी ट्रनियन पद्धत सुचवीन. गोल दांड्या डोक्याच्या खालून वाकून निघतात आणि जमिनीला जवळ येतात. ट्रनियनच्या दांड्या बाजूने सरळ निघतात, त्यामुळे खाली मोकळी जागा जास्त राहते. आपल्या गतिरोधकांवर ही दोन-तीन इंचांची जागाच कामी येते. साखळीऐवजी घट्ट ब्रॅकेटवर घासत सरकणाऱ्या दांड्यांचे संचही मिळतात, इक्वलायझर हे त्यातलं ठळक नाव. त्या घर्षणामुळे डुलणंही आटोक्यात राहतं. हेन्सली पद्धतीची महागडी जोडणी तुमच्या दीड टनासाठी नको. वजन जास्त आणि खर्च त्याहून जास्त.

डुलणं आणि वजन वाटणं ही दोन वेगळी दुखणी आहेत हेही लक्षात असू द्या. नुसत्या साखळीच्या हिचने पुढच्या चाकांवर वजन परत येतं, पण समृद्धीवर आडव्या वाऱ्यात शेपूट डुलायचं ते डुलतंच. त्याला घर्षणाचा स्टॅबिलायझर वेगळा लागतो. आणि मूळ कारण मागे भरलेलं सामान असेल, तर दोन्ही उपकरणं फक्त वेळ मारून नेतात.

बॉलच्या मापाकडे नीट बघा, इथे चूक सहज होते. आपल्याकडचे बरेच कपलर ५० मिलिमीटरच्या बॉलचे असतात. अमेरिकी हिचचा दोन इंची बॉल ५०.८ मिलिमीटरचा, आणि मोठा दोन पूर्णांक पाच सोळांश इंची, म्हणजे ५८.७ चा. ५० चा कपलर ५०.८ वर जबरदस्तीने बसवला तर लॅच पूर्ण बंद होत नाही. दोन इंची कपलर ५० च्या बॉलवर ढिला राहतो आणि झटक्यात उडी मारू शकतो. हिच अमेरिकी घेतली तर कपलरही त्याच मापाचा बदला.

रिसीव्हरचा मुद्दा त्याहून मोठा. तुमच्या गाडीला सध्या साधी प्लेट आणि त्यावर बॉल आहे. वेट डिस्ट्रिब्युशन हिचला चौकोनी नळीचा रिसीव्हर लागतो, आणि तो या कामासाठी रेट केलेला हवा. कारण इथे नुसता खाली दाब नसतो. वरच्या उदाहरणात निम्मं वजन पुढे आणायला बॉलपाशी १०७ किलोग्रॅम-मीटरचं पीळ देणारं बळ लागतं. साध्या प्लेटचे बोल्ट त्यासाठी नसतात. अंबड किंवा सातपूरला वेल्डिंग उत्तम होतं, त्याबद्दल शंका नाही. पण रिसीव्हर दोन्ही लांब चासी मेंबरना, पुढेमागे अंतर ठेवून, बोल्टने धरलेला असला पाहिजे. फक्त मागच्या आडव्या मेंबरवर वेल्ड करून दिला तर घेऊ नका. फॉर्च्युनरची लॅडर फ्रेम असल्यामुळे हे काम नीट करता येतं. शिवाय अमेरिकी हिचचा दांडा बॉलला आणखी मागे नेतो. १.२ चं अंतर १.४ झालं तर त्याच १८० किलोंनी पुढून ७८ ऐवजी ९२ किलो उचलले जातील. म्हणून हा दांडा, म्हणजे शँक, बसेल तितका आखूड घ्या. हिचचं स्वतःचं वजनही हुकावरच येतं. पूर्ण संच ४०-५० किलोंपर्यंत भरतो, एका सूटकेसमध्ये तो येणार नाही, हे मेहुण्यांना आधीच कळवा.

कायद्याच्या बाजूने एवढंच: मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची नोंदणी वेगळी. कॅराव्हॅनचे कागद आणि गाडीत केलेला बदल, दोन्ही गोष्टी नाशिक आरटीओत विचारून घ्या. विम्याचा दावा अडतो तो इथेच.

हिच बसवल्यावर ताण किती द्यायचा हे नजरेने ठरवू नका. सपाट जागेवर पुढच्या चाकाच्या मध्यावरून, जमिनीपासून कमानीच्या काठापर्यंतची उंची टेपने तीनदा मोजा: कॅराव्हॅन न जोडता, जोडून पण दांड्या न ताणता, आणि ताणून. प्रत्येक वेळी गाडी थोडी पुढे घेऊन थांबवा, म्हणजे स्प्रिंग बसतात. समजा मोकळी असताना ८४ सेंटीमीटर आणि जोडल्यावर ८६.४ आली, तर दांड्या ताणून ८५.२ च्या आसपास थांबा. पूर्ण ८४ वर आणायचा पूर्वी प्रघात होता. आता बऱ्याच कंपन्या निम्मंच परत आणा असं सांगतात. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर ते पाळा. ताण जास्त झाला तर मागच्या चाकांवरचं वजन गरजेपेक्षा घटतं. मग इगतपुरीच्या पावसात, वळणावर ब्रेक मारताना मागचा भाग सटकतो आणि कॅराव्हॅन गाडीला बाजूने ढकलते. मला पुढे थोडी उचललेली गाडी चालेल, मागून हलकी झालेली नाही.

दांड्या ताणताना कपलर लॉक करा, मग जॉकीने कपलर आणि गाडीची शेपटी दोन्ही एकत्र वर उचला, त्या स्थितीत साखळी अडकवा आणि हळू खाली सोडा. वजन उचललं असलं की साखळी हाताने सहज बसते. लिव्हरवर लटकून ताणावी लागत असेल तर उचल कमी पडली आहे असं समजा. लिव्हरच्या फेऱ्यात तोंड किंवा हात आणू नका, ती सुटली तर हाड मोडते. खोल नाल्यातून किंवा फार्महाऊसच्या उंच उतरणीवरून जायचं असेल तर दांड्या आधी काढा.

टेपसोबत वजनकाट्याची पावतीही घ्या. दिंडोरी रोडच्या बाजार समितीच्या परिसरात किंवा आडगावला ट्रकचे काटे मिळतील. फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन तिन्ही स्थितींत वजन करा. माणसं तीच, डिझेल तेवढंच. मोठे काटे दहा-दहा किंवा वीस-वीस किलोंच्या टप्प्यात आकडा दाखवतात, त्यामुळे ३९ किलोंचा फरक त्यावर ढोबळच दिसेल. म्हणून टेप आणि काटा दोन्ही हवेत. एकूण वजन करताना मागच्या अॅक्सलवरचा भार गाडीच्या कमाल अॅक्सल वजनात बसतो का तेही बघा. कॅराव्हॅनच्या टायरवरचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) आणि बनावटीची तारीखही त्याच दिवशी तपासा.

पहिली फेरी घाटाची नको. सकाळी लवकर आडगावहून पिंपळगाव बसवंतकडे सपाट महामार्ग आहे, तिथे ताशी ५०-६० ने न्या. बाजूने ट्रक गेल्यावर कॅराव्हॅन एकदा हलून शांत होते का ते बघा. शेपूट डुलायला लागलं तर जोरात ब्रेक मारू नका, स्टेअरिंगने झोका पकडायला जाऊ नका, अॅक्सिलरेटर सोडा आणि स्टेअरिंग सरळ धरा. परत आल्यावर रिसीव्हरचे आणि हिचच्या डोक्याचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, पहिल्या फेरीत ते थोडे बसतात.

माझं मत विचाराल तर: ब्रेक बसवा, बॅटऱ्या हलवा, पुन्हा मोजा. बॉलवर १५० किंवा कमी आले, मॅन्युअलमधल्या मर्यादेत बसले आणि पुढची कमान थोडीच उचलली, तर नुसता घर्षणाचा स्टॅबिलायझर पुरेल आणि ६०० चा संच घ्यायची गरज नाही. तरीही पुढून ७० किलोंच्या वर जात असतील आणि मॅन्युअल परवानगी देत असेल, तर ६०० पौंडांचा ट्रनियन संच, आखूड शँक आणि चासीला धरलेला रिसीव्हर. मेहुण्यांचं तिकीट पुढच्या महिन्यात आहे म्हणालात, तेवढ्यात ही मोजणी सहज होईल. कपलरखालचं वजन, टाकी भरलेली आणि रिकामी असे दोन्ही आकडे, बॉल ते मागच्या अॅक्सलचं अंतर, कमानीची उंची जोडण्याआधीची आणि जोडल्यानंतरची, आणि मॅन्युअलमधल्या ओढण्याच्या पानाचा फोटो पाठवा. त्यावरून कोणता संच मागवायचा ते नक्की सांगतो.